मोरिताबाईंची वाटी

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर कादंबरीताई देवस्थळी राहते. मी त्याच मजल्यावर, चार दारं सोडून. मी सुलेखा. नोव्हेनाच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, दिवसभर लोकांची नावं आणि दुखणी ऐकते, त्यामुळे घरी आल्यावर मला कुणी शिस्त शिकवलेली अजिबात खपत नाही. आणि नशीब बघा, शेजारीण मिळाली ती ही.

तिच्या दारातून आत पाऊल टाकलं की लगेच वीतभर उंचीची लाकडी पायरी लागते. एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी, फ्लॅटमध्ये दारात पायरी कुठून आली म्हणाल, तर ती तिनं सुताराकडून मुद्दाम करवून घेतली आहे. पायरीच्या अलीकडे चपला, पलीकडे घर. जपानात घरोघरी असंच असतं म्हणे. सुरुवातीला मी दोनदा तिथे ठेचकाळले आणि तिसऱ्यांदा तोंडावर म्हटलं, "ताई, हे काय डोंबलाचं खूळ? आपण मराठी माणसं, पाय धुतले की आत." ती हसली आणि म्हणाली, "तुला लागलं का? हळद लावू?" तिच्याशी भांडायची सोयच नाही.

तर ही पायरी म्हणजे तिची शाळा. इथल्या बँकांमधली आपली बरीच मंडळी टोकियोकडे बदली होऊन जातात. जायच्या आधी कुणीतरी त्यांना सांगतं, हौगांगला एक देवस्थळीबाई आहेत, त्यांच्याकडे दोन शनिवार जाऊन या. जपानी माणसाच्या घरी पाहुणं कसं जायचं आणि जपानी पाहुणा आपल्याकडे आला तर त्याचं कसं करायचं, हे ती करून घेते. नुसतं सांगत नाही, करून घेते. तिकडे थंडीत कोट असतो आणि तो बेल वाजवायच्या आधीच काढून, घडी करून हातावर घ्यायचा असतो. सिंगापूरच्या उकाड्यात कोट कुठला आणायचा? मग ती सगळ्यांना रेनकोट घालून कॉरिडॉरमध्ये उभं करते. चांगले बँकेतले व्हाइस प्रेसिडेंट वगैरे, घामाघूम होऊन, कडक उन्हात रेनकोटात! समोरच्या घरातले टॅन आजोबा शनिवारी सकाळी खुर्ची टाकूनच बसतात.

तिचे नियम मला आता पाठ झालेत. सांगितलेल्या वेळेच्या आधी जायचं नाही, दोन-तीन मिनिटं उशिराच जायचं, म्हणजे घरातल्या बाईला केस नीट करायला वेळ मिळतो. चपला काढून आत चढायचं, मग गुडघ्यावर बसून त्या दाराकडे तोंड करून ठेवायच्या, पण बसताना यजमानांकडे पाठ करायची नाही. आणलेली भेट पिशवीतून काढून, दोन्ही हातांनी, "काही विशेष नाही" म्हणत द्यायची. बायकांना ती एकच गोष्ट दहादा बजावते, ती म्हणजे स्वयंपाकघरात जायचं नाही. आपल्या बायकांचं कसं, कुणाकडे गेल्या की पाच मिनिटांत ओट्याशी, "काय मदत करू गं?" तिकडे तसं केलंत तर यजमानीण मनातून मेलीच समजा. एकदा पुंगोलहून आलेल्या एका सात-आठ वर्षांच्या पोरीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आय्या आंटी, सो मेनी रूल्स! जस्ट से हाय लाह!" मी टाळ्या वाजवल्या. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी टाळ्या वाजवायची थांबले.

हे सगळं ती शिकली योकोहामात. लग्न होऊन साताऱ्याहून निघाली ती थेट तिकडे. श्रीनिवासभावोजी जहाजांच्या तपासणीचं काम करतात, त्यांची नोकरी तिथे होती. चौऱ्याण्णव ते दोन हजार पाच, अकरा वर्षं. मुलगी ऋग्वेदा तिथेच झाली. योकोहामाबद्दल बोलायला लागली की ताईचा आवाज बदलतो. रविवारी सकाळी गॅलरीत एकजात वाळत घातलेल्या गाद्या, हिवाळ्यात रस्त्यावर भाजलेली रताळी विकणाऱ्याची गाडी, ऋग्वेदाच्या बालवाडीच्या पिवळ्या टोप्या. पण एवढं सगळं सांगताना शेजारी कोण राहायचं, हे तिनं कधी सांगितलं नाही. माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

लक्षात आलं ते एका रविवारी. मी तिच्याकडे आवळ्याचं लोणचं घेऊन गेले होते आणि माझी बरणी मला लगेच परत हवी होती. नियम-बियम बाजूला ठेवून मी स्वयंपाकघरात घुसले. वरच्या फळीवर मागे एक छोटी झाकणाची वाटी दिसली, पांढरी, तिच्यावर निळी फुलं. म्हटलं, छान आहे, यात काढू. मी झाकण उचललं मात्र, कादंबरीताई अशी किंचाळली की बरणी माझ्या हातून पडता पडता राहिली.

"ठेव ती! त्यात काही घालू नकोस!"

आमच्या अकरा वर्षांच्या शेजारात तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मलाही राग आला. "एवढी काय सोन्याची लागून गेली?" असं म्हणून मी वाटी ठेवली. बघते तर ती ओट्याला टेकून रडत होती. मग मी चहा टाकला, तिच्याच स्वयंपाकघरात, आणि तिनं सांगितलं.

योकोहामात तिच्या शेजारच्या दारात मोरिताबाई राहायच्या. ताईहून पंचवीस-एक वर्षांनी मोठ्या, नवरा रेल्वेत. नव्यानं राहायला येणाऱ्यानं शेजाऱ्यांकडे छोटीशी भेट घेऊन ओळख करून घ्यायला जायचं, अशी तिकडची रीत. ताईला ती कुठून ठाऊक असणार? आठ दिवस वाट पाहून शेवटी मोरिताबाईच आल्या, या वाटीत लाल भोपळ्याच्या शिजवलेल्या फोडी घेऊन. ताईनं दुसऱ्या दिवशी वाटी घासून, तिच्यात शिरा घालून परत दिली. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. साताऱ्याला काय, पुण्याला काय, आपल्याकडे कुणीच करत नाही. पण मोरिताबाईंच्या रीतीत आलेल्या भेटीची फेड करावीच लागते. त्यांनी वाटीत कालवलेला पालक पाठवला. ताईनं वाटीत खिचडी पाठवली. त्यांनी मुळा पाठवला. झालं! दोघींपैकी एकीलाही थांबता येईना.

अकरा वर्षं, सुलेखा, असं ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. दर दोन-तीन दिवसांनी ती वाटी इकडून तिकडे, तिकडून इकडे. ताप अंगात असताना ताईनं उठून उपमा केला आहे, केवळ वाटी दोन दिवस आपल्याकडे पडून आहे म्हणून. भावोजी म्हणायचे, या वाटीला रेल्वेचा पास काढून द्या. पण त्या येण्याजाण्यात ताई जपानी शिकली, ऋग्वेदाच्या वेळचे डोहाळे त्या वाटीतून पुरवले गेले, आणि मोरिताबाईंना तर ताईच्या शेंगदाण्याच्या चटणीचं वेडच लागलं. त्या ती गरम भातावर भुरभुरवून खायच्या. आणि अकरा वर्षांत ताईनं एकदाही विकतचं काही त्या वाटीत घातलं नाही. तिकडूनही कधी आलं नाही.

मग दोन हजार पाचच्या ऑगस्टमध्ये भावोजींची सिंगापूरला बदली झाली, ती दहा दिवसांत हजर व्हा अशी. सामान बांधणारे येऊन एका दिवसात सगळं घेऊन गेले. गॅस तोडला. आणि त्याच मंगळवारी संध्याकाळी ऋग्वेदा हातात वाटी घेऊन आली, मोरिताआजीनं दिलेल्या गोड रताळ्यांची. निघायचं होतं गुरुवारी सकाळी.

"मी वाटी धुतली आणि घेऊन बसले," ताई म्हणाली. "कढई नाही, गॅस नाही, मीठसुद्धा नाही. दुकानातलं काय घालायचं? त्यांना काय वाटलं असतं?"

"काही वाटलं नसतं! घालायचीस चार बिस्किटं!"

"तुला नाही कळायचं ते."

मला खरंच कळलं नाही. तिकडे घर सोडताना शेजाऱ्यांकडे जाऊन निरोप घ्यावा लागतो. तो नियम ताईला चांगला ठाऊक होता. वरच्या मजल्यावरच्या दोन्ही घरी ती बिस्किटांचे डबे देऊन, वाकून निरोप घेऊन आली. खालच्या म्हाताऱ्या बाईकडेसुद्धा गेली. फक्त शेजारच्या दारात गेली नाही. वाटी घेतल्याशिवाय जाता येईना, आणि रिकामी वाटी नेता येईना. बुधवार असाच गेला. गुरुवारी सकाळी साडेसहाला ते तिघं निघाले, तेव्हा ताईनं बूट हातात घेतले आणि मोरिताबाईंच्या दारावरून पाय न वाजवता गेली. ऋग्वेदा तेव्हा सात वर्षांची. ती म्हणाली, "मोरिताआजीला सांगायचं ना...?" आणि ताईनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

"तिच्या तोंडावर हात ठेवला गं मी," ती म्हणाली. वाटी तिच्या हँडबॅगेत होती.

इथे आल्यावर दोन वर्षांनी कुठल्याशा कार्यक्रमात एक जपानी बाई तिला सहज बोलता बोलता म्हणाली, आमच्याकडेही भांडं रिकामं परत करत नाहीत, अगदी काही नसलं तर आमची आजी आत एक काडेपेटी ठेवायची. तेवढ्यानं चालतं.

"काडेपेटी, सुलेखा! काडेपेटी होती माझ्याकडे. देवापुढची, पर्समध्येच."

त्यानंतर तिनं कितीदा पत्र लिहायला घेतलं. पण पहिल्याच वाक्याला अडायची. अशी क्षमा पत्रानं मागायची नसते, समोर जाऊन मागायची असते, आणि समोर जायचं तर वाटी भरून न्यायला हवी, आणि इतक्या वर्षांनी त्या असतील की नसतील. मी म्हटलं, "अगं बये, पार्सल कर ना वाटी!" तिनं वाटी पुसून परत फळीवर मागे ठेवली. तेव्हा मला उमगलं, की ही शनिवारी लोकांकडून जे घोटून घेते ते कशासाठी. निरोप घेण्याचा भाग ती शेवटी शिकवते आणि तो शिकवताना कुणी हसलेलं तिला चालत नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मला मान्य आहे. ताईनं बजावलं होतं, कुणाला सांगू नकोस. मी पाच महिने नाही सांगितलं, माझ्या मानानं ते पुष्कळच झालं. मग पुंगोलचे विक्रांत आणि ऋता शनिवारी शिकायला आले. त्यांची बदली टोकियोला, पण घर योकोहामात मिळालेलं. ऋता मोठी धडाडीची पोरगी. लिफ्टसाठी उभ्या होतो, मी तिला सगळं सांगून टाकलं आणि इमारतीचं नावही सांगितलं, जे ताईनं मला रडता रडता तीनदा सांगितलं होतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात ऋताचा फोन आला. ती तिथे गेली होती! रीतसर, दोन मिनिटं उशिरा, कोट हातावर, भेट दोन्ही हातांनी. मोरिताबाई आहेत. एक्याऐंशी वर्षांच्या. नवरा गेला, पण घर तेच, दार तेच. ऋतानं "कादंबरीसान" म्हटल्याबरोबर त्या दारातच, पायरीवर बसल्या. आणि योगायोग बघा, फेब्रुवारीत त्या नातीबरोबर जहाजानं फिरायला निघणार होत्या आणि ते जहाज एक दिवस सिंगापूरला थांबणार होतं. सोयीचं असेल तर दोन तास येऊ का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी उड्या मारत ताईकडे गेले. तिनं सगळं ऐकलं, पांढरीफटक पडली, आणि म्हणाली, "तू हे का केलंस?" मग म्हणाली, "नाही म्हणून कळव. आम्ही तेव्हा भारतात आहोत म्हणावं."

"खोटं बोलायचं? नियमात बसतं ते?"

"सुलेखा, तू जा आता."

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मीही नाही बोलले. कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आलो की दोघी टॅन आजोबांशी बोलायचो. नवव्या दिवशी मला राहवेना. गेले, पायरी चढले, चपला तशाच वाकड्यातिकड्या टाकल्या आणि म्हटलं, "हे बघ ताई. एक्याऐंशी वर्षांची बाई स्वतःहून येते म्हणतेय. या वेळीही तू पाय न वाजवता निसटलीस, तर पुन्हा संधी नाही. आणि मग कुठल्या तोंडानं शिकवणार आहेस लोकांना?" हे शेवटचं मी बोलायला नको होतं, जरा जास्तच लागलं तिला. तिनं माझ्या वाकड्या चपला सरळ करून ठेवल्या. मग म्हणाली, "टेक्काच्या बाजारात शेंगदाणे चांगले मिळतात का गं हल्ली?"

या फेब्रुवारीत, एका बुधवारी, मी दवाखान्यातून रजा टाकली. ताई चार दिवस घर घासत होती. चटणी तिनं तीनदा केली. पहिली जास्त भाजली, दुसरीत तिखट जास्त झालं, तिसरी मला चाखायला दिली आणि मी छान म्हटलं तरी तिला खरं वाटेना. शेवटी तीच तिनं वाटीत भरली. निळ्या इरकलीत ती दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "त्या मला काही बोलल्या तर तू मध्ये पडायचं नाहीस." मी म्हटलं बरं.

भावोजी त्यांना धक्क्यावरून घेऊन आले आणि "तुमचं चालू द्या" म्हणून खाली कॉफीशॉपमध्ये जाऊन बसले. दोन वाजून तीन मिनिटांनी बेल वाजली. मोरिताबाई अगदी लहानखुऱ्या होत्या, पांढरे केस कानामागे, उकाड्यातही अंगात स्वेटर. बरोबर नात हारुना, चोवीस-पंचवीसची, तिला इंग्रजी छान येत होतं. पायरी बघून मोरिताबाई थबकल्या. ताईकडे पाहिलं, पुन्हा पायरीकडे पाहिलं. मग नातीच्या खांद्याला धरून वर चढल्या, हळूहळू गुडघ्यावर बसल्या आणि स्वतःचे बूट स्वतः फिरवून ठेवले. मी मदतीला वाकले, तर हारुनानं मान हलवली.

बसल्या. कापडात बांधून आणलेली भेट दोन्ही हातांनी दिली. चहा झाला, कोथिंबीरवडी झाली, हवेबद्दल बोलणं झालं, आता मेलबर्नला असलेल्या ऋग्वेदाचे फोटो झाले. सगळं कसं रीतीप्रमाणे. शेवटी ताईनं ती वाटी आणली, दोन्ही हातांनी पुढे ठेवली, खाली बसली आणि कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली. आणि एकोणीस वर्षं मनात घोकलेलं ते बोलली. हारुना माझ्या कानाशी इंग्रजीत सांगत होती, म्हणून मला कळलं. मी निरोप न घेता गेले. तुमच्या दारावरून चोरासारखी गेले. मुलीच्या तोंडावर हात ठेवला. मला क्षमा करा.

मोरिताबाईंनी वाटी जवळ ओढली. वाटीचं झाकण काढलं, चटणीचा वास घेतला. मग त्यांनी ताईला एक प्रश्न विचारला, आणि हारुना भाषांतर करायचं विसरून आजीकडे बघतच राहिली. ताईनं वर पाहिलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"भात आहे का, म्हणाल्या," ताई म्हणाली.

दुसऱ्याच्या घरी जाऊन खायला मागायचं! हे तर तिच्या शाळेत मोठ्यात मोठं पाप. पण कुकरमध्ये दुपारचा भात होता, गारढोण. मी तो उठून गरम करून आणला. मोरिताबाईंनी त्यावर चटणी भुरभुरवली आणि खाल्ला, शांतपणे, शेवटच्या शितापर्यंत. मग जेवायच्या जपानी काड्या खाली ठेवल्या आणि बोलायला लागल्या. हारुना वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होती.

"त्या सकाळी सहापासून मी दाराच्या आत उभी होते. माझ्या हातात तुमच्या मुलीसाठी घेतलेली बाहुली होती. तुम्ही निघालात की दार उघडायचं, असं ठरवलं होतं. पण पावलं वाजली नाहीत. मुलीचा आवाज आला, तोही अर्धाच. तेव्हा मला कळलं. वाटी तुमच्याकडे होती. तुमचा गॅस बंद झालाय हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी मंगळवारी वाटी पाठवली. सवयीनं पाठवली. इतकी वर्षं मला वाटतंय, की तुम्हाला अडचणीत मीच टाकलं. दार उघडलं असतं तर तुमची मान खाली गेली असती, वर मी आणखी बाहुली दिली असती. म्हणून दाराची मूठ धरून उभी राहिले. गाडी गेल्यावर उघडलं. तुम्ही क्षमा मागू नका. दार मी उघडायला हवं होतं."

आणि मी वचन दिलं होतं मध्ये न पडण्याचं, पण मी तरी काय करू? मी मराठीतच ओरडले, "अगं बायांनो, एक दार होतं गं मध्ये! एक फळी! इतका कसला मेला मान एकमेकींचा, की दोघीही दोन बाजूंना रडत उभ्या राहिलात?" आणि मीच रडायला लागले.

मोरिताबाईंनी विचारलं, या काय म्हणताहेत. ताईनं सांगितलं, कसं सांगितलं कोण जाणे, कारण तिला धड बोलता येत नव्हतं. मोरिताबाई हसल्या. माझ्याकडे बघून मान लववली आणि म्हणाल्या, "या बाईंचं बरोबर आहे."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. परत निघायची वेळ होत आली होती. त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी मागितली, उरलेली चटणी तिच्यात ओतून गाठ मारली आणि जहाजावर भाताबरोबर लागेल म्हणून हारुनाच्या पर्समध्ये टाकली. वाटी रुमालानं आतून-बाहेरून स्वच्छ पुसली. झाकण लावलं. ती ताईच्या हातात दिली आणि दाराकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या.

"तुम्ही बाहेर जा," हारुना म्हणाली. "आजी म्हणतेय, बाहेर जा आणि बेल वाजवा."

ताईला पहिल्यांदा कळेना. कळलं तेव्हा ती मान हलवायला लागली, नको, नको. मोरिताबाईंनी तिला खांद्याला धरून पायरीपर्यंत आणलं. हारुना आणि मीही बाहेर आलो. दार आतून बंद झालं.

ताई आपल्याच घराबाहेर कॉरिडॉरमध्ये उभी होती, अनवाणी, हातात रिकामी वाटी. टॅन आजोबा खुर्चीतून अर्धवट उठले होते. तिनं बेलवर बोट ठेवलं आणि ते दाबेना. एक मिनिट गेलं असेल, मला तासाएवढं वाटलं. मीच दाबणार होते, पण हारुनानं माझा हात घट्ट धरून ठेवला. मग ताईनं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि बेल वाजवली.

दार लगेच उघडलं. आत पायरीवर मोरिताबाई उभ्या होत्या. ताई वाकली, दोन्ही हातांनी वाटी पुढे केली आणि दोन वाक्यं बोलली. मोरिताबाईंनी वाटी दोन्ही हातांनी घेतली, तशीच रिकामी छातीशी धरली, आणि एकच वाक्य बोलल्या. हारुनानं तोंड फिरवलं, त्यामुळे मला काही समजलं नाही. त्यांची टॅक्सी गेल्यावर खाली मी ताईला विचारलं.

"काय म्हणालीस गं तू?"

"म्हटलं, आम्ही आज सिंगापूरला चाललोय. तुमची वाटी रिकामीच आणलीये."

"आणि त्या?"

"म्हणाल्या, बरं झालं आलात, मी सहा वाजल्यापासून दाराशीच उभी आहे."